बूट काढा, मग भट्टीचं बोलू

मंगळवारी सकाळी ओरेस्ट हावरिलकचं घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली. तळघरात जाऊन तिला दोन लाथा घातल्यावर ओरेस्टने ती मेल्याचं जाहीर केलं. बाहेर कॅनडातल्या विनिपेगचा फेब्रुवारी होता आणि घरात स्वयंपाकाचं तेल गोठायला लागलं होतं.

"मेकॅनिकला दाखवू तरी," त्याची बायको मार्लीन म्हणाली. तिच्या अंगावर दोन स्वेटर आणि वर ओरेस्टचा कोट होता.

"दाखवायचंय काय? म्हातारी झाली ती. नवीच घ्यायची. आणि बसवणारा माणूस मी निवडणार. मला अजून कोणी फसवलेलं नाही."

हे मात्र खरं होतं. ओरेस्टला फसवायचे कष्ट दुसऱ्या कोणाला घ्यावेच लागत नसत. ते काम तो स्वतःच उरकून टाकी.

मार्लीनला वेगळाच घोर लागला होता. शनिवारी तिच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस होता, आणि जावयाच्या घरी पाय न ठेवणारी आई यंदा पहिल्यांदाच इथे जेवायला कबूल झाली होती. घर गार राहिलं तर आई कोटसुद्धा न काढता थोरल्या मुलीकडे, आयरीनकडे निघून जाणार होती, आणि पुन्हा येणार नव्हती.

ओरेस्टने कंत्राटदार बोलवायला सुरुवात केली. त्याची कसोटी एकच होती. माणूस दारात बूट काढतो का, आणि काढल्यावर आतून मोजे कसे निघतात. भट्टीविषयी तो कोणाला चकार शब्द विचारत नसे. कारण उघड होतं. विचारलं तर उत्तर कळायला हवं.

पहिल्याच्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. त्याला दारातूनच वाटेला लावलं. दुसऱ्याने बुटांवरूनच निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. "आळशी," ओरेस्टने निकाल दिला. तिसरी जोआन कार्डिनल नावाची बाई होती. तिने बुटांना हातही लावला नाही.

"आधी बाहेरून एक चक्कर मारते," ती उंबऱ्यावरूनच म्हणाली. "त्या बाजूच्या भिंतीला बर्फाचा केवढा ढीग लागलाय."

तो ढीग म्हणजे ओरेस्टची कलाकृती होती. बर्फ पडला की तो आपलं बर्फ उडवायचं यंत्र काढी आणि अंगणातला सगळा बर्फ त्या भिंतीवर असा नेमका मारी, की शेजारच्या वॉल्टर फ्रीसनच्या हद्दीत चिमूटभर जाऊ नये. सोमवारी रात्रीही त्याने तेच केलं होतं.

"भट्टी तळघरात आहे, बाई. बाहेर काय हवा खायला आलात?"

"दोन मिनिटं लागतील."

"बूट काढा, मग बोलू."

जोआनने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती गाडीत बसून निघून गेली. "बाहेर हिंडून बिल फुगवतात," ओरेस्ट मार्लीनला म्हणाला. "मी ओळखून आहे या जातीला."

चौथा ब्रेंट. त्याने घरात घालायच्या सपाता पिशवीतून आणल्या होत्या. त्याचे मोजे इस्त्री केल्यासारखे होते. ओरेस्ट म्हणाला, भट्टी मेलीय. ब्रेंट म्हणाला, साफ मेलीय. त्याने झाकणसुद्धा उघडून पाहिलं नाही. ओरेस्टने त्याला दुसरी कॉफी दिली.

गुरुवारी ब्रेंटची माणसं आली. आधी ती बाहेर भिंतीपाशी गेली आणि त्यांनी ढीग उपसला. मग एकमेकांकडे बघून गालात हसली आणि मुकाट्याने नवी भट्टी बसवून गेली. मार्लीनने ते खिडकीतून पाहिलं, पण तिला अर्थ लागला नाही. जुनी भट्टी अंगणात पडली होती. ओरेस्ट आत नव्या भट्टीचं कौतुक करत होता तेव्हा वॉल्टर कुंपणाशी आला.

"ही नेऊ का गं, मार्लीन? गॅरेजसाठी?"

"ने बाबा. पण मेलेलीय म्हणे."

"म्हणे ना? बघतो," वॉल्टर म्हणाला आणि ती बर्फावरच्या घसरगाडीवर घालून घेऊन गेला.

शुक्रवारी रात्री पुन्हा बर्फ पडला. शनिवारी उजाडताच ओरेस्टने अंगण चकाचक केलं. दुपारी आई आली, आणि तिने कोटाचं पहिलं बटण काढलं तोच नवी भट्टी बंद पडली. ओरेस्टने ब्रेंटला फोनवर फोन लावले. ब्रेंट कुठला उचलतोय.

आईने बटण पुन्हा लावलं. "जावईबापू, आमची बटाट्याची वखारसुद्धा याहून उबदार होती. मार्लीन, आयरीनला फोन लाव."

मार्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात वॉल्टरने दार वाजवलं. "सगळे माझ्या गॅरेजात चला. मी तिथे नुसत्या शर्टावर बसतो."

पेरोगींचं, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, पातेलं घेऊन मार्लीन सगळ्यांच्या मागून निघाली आणि मध्येच थांबली. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या भिंतीतून भट्टीची एक पांढरी नळी बाहेर आली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. वॉल्टरच्या गॅरेजमधूनही निघत होती. तिच्या घराला नळी दिसतच नव्हती. तिथे ओरेस्टचा ढीग होता. नळी बुजली की भट्टी आपोआप बंद होते, हे या शहरात शेंबडं पोरही सांगेल. मार्लीनला जोआन आठवली, ब्रेंटची हसणारी माणसं आठवली. तिने पातेलं घट्ट धरलं आणि ती पुढे गेली.

गॅरेजात शिरताच आईने कोट काढला. मार्लीनने तो हातातून घेतला आणि खिळ्याला अडकवून टाकला. कोपऱ्यातल्या भट्टीला वॉल्टरने कुंपणाचा उरलेला हिरवा रंग फासला होता. त्या रंगाखालून चिकटवलेल्या चित्रातल्या एका बदकाची चोच दिसत होती. ते बदक मार्लीनच्या मुलीने लहानपणी चिकटवलं होतं.

ओरेस्ट बूट काढून भट्टीसमोर बसला आणि बराच वेळ जाणकारासारखी मान हलवत राहिला.

"याला म्हणतात मशीन. आवाज नाही, काही नाही. कोणाकडून घेतलीस रे?"

वॉल्टरने मार्लीनकडे पाहिलं. "होता एक जण. टाकूनच देत होता."

"असली भट्टी टाकून देत होता?" ओरेस्ट खो खो हसला. "कोण हा गाढव?"

"आधी जेवून घे," मार्लीन म्हणाली, आणि वॉल्टरचं फावडं उचलून तिने दाराशी, ओरेस्टच्या बुटांशेजारी ठेवलं.