भाई गुरुजींच्या सहा खुर्च्या

मिठबावातल्या एका बालवाडीच्या कचेरीत सारिका शिरली तेव्हा साडेदहा वाजले होते आणि तिचं काम अर्ध्या मिनिटाचं होतं. संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस असल्याने अकराला मुलांना काजू मोदक वाटायचे होते. तिच्या साडेचार वर्षांच्या रियाला काजू चालत नव्हता. गेल्या शिमग्यात एका पाकळीने पोरीचे ओठ सुजले, श्वास अडकला, कणकवलीपर्यंत गाडी पळवावी लागली. मदतनीस यशोदेला ‘रियाला मोदक देऊ नको’ एवढंच सांगायचं होतं. यशोदा खिडकीपलीकडे, दहा पावलांवर, मोदकांचे डबे उघडत होती.

“थेट सांगता येणार नाही,” बालवाडीचे प्रमुख भाई गुरुजी म्हणाले.

गुरुजी नुकतेच संदेश हाताळणी प्रणालीचं प्रशिक्षण घेऊन आले होते. संगणकांच्या जाळ्यात सात थर असतात आणि प्रत्येक थर फक्त शेजारच्याच थराशी बोलतो; जगाचं त्यावर चालतं, तर बालवाडीचं का चालू नये? मंजूर पदं दोनच असल्याने पहिले सहा थर गुरुजींकडे प्रभारी म्हणून होते आणि सातवा, भौतिक थर, यशोदेकडे. सहा थरांच्या सहा खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या.

पहिल्या खुर्चीत, म्हणजे उपयोजन स्तरावर, गुरुजींनी संदेश स्वीकारला. पाकिटात घातला, वर स्वतःचं नाव लिहिलं, दुसऱ्या खुर्चीत जाऊन तो घेतला आणि स्वतःला पोच दिली. सादरीकरण स्तरावर ‘देऊ नको’चं ‘प्रदान निषिद्ध’ झालं. चौथ्या खुर्चीत त्यांनी कात्री काढली.

“संदेशाचे तुकडे करावे लागतात. अखंड पाठवला तर कोंडी होते.”

“गुरुजी, चार शब्द आहेत हो!”

“म्हणून तीनच पाकिटं.”

खुर्चीत गुरुजी प्रमाण मराठी बोलत. उठले की माणसात येत. चौथीतून पाचवीकडे जाताना कळवळून म्हणाले, “तुमच्या चेडवाक जपा हां. माझ्या नातवाक पण सुंगटां, कोळंबी, चलनत नाय. जीव थोडो थोडो जाता.”

“मगे हाक मारा ना यशोदेक!”

तोवर ते बसले होते. “विनंती पुढील स्तरावर करावी.”

पाचवा जाल स्तर मार्ग ठरवतो. खिडकीच्या मार्गाची नोंद नव्हती. विहिरीला वळसा घालून मागच्या दाराचा मार्ग मंजूर झाला. अकराला दोन मिनिटं होती. सारिका खिडकीशी धावली.

“गो यशोदा, रियाक मोदक देव नको! काजू आसत त्यात!”

“आयकलंय गो,” यशोदा म्हणाली, “पण माका अजून आयकाक येणा नाय. सहाव्या थराकडसून येवक होया. गेल्या बुधवारी सरळ आयकलंय तर मेमो गावलो माका!” आणि वेगळी सूचना नसल्याने तिने रियाच्या हातावर मोदक ठेवला.

सारिका चपलांसकट वर्गात घुसली. मोदक ओठांपाशी पोचला होता. तिने तो हिसकावला आणि ओढणीने पोरीची बोटं खसाखसा पुसली. रियाने भोकाड पसरलं.

गुरुजी दारात आले. हातात गलेलठ्ठ पाकीट. “संदेश सहाव्या थरापर्यंत सुखरूप आला होता. तुम्ही नियमभंग केलात.”

“कोणी केला असला नियम?”

“तुम्हीच.” त्यांनी मोबाइल पुढे धरला. पालकांच्या ग्रुपवर जूनमधली अकरा पानी सूचना. खाली एक्केचाळीस अंगठे. पहिला सारिकाचा. त्याखाली तिनेच लिहिलं होतं: ‘स्तुत्य उपक्रम, सर!’

सारिकाने रियाला कडेवर घेतलं. असा प्रसंग येणार हे जाणून तयार ठेवलेली पुढची सूचना गुरुजींनी तिथल्या तिथे ग्रुपवर सोडली. पानं चौदा. कडेवर रिया रडत होती, फाटकाशी रिक्षावाला हॉर्न देत होता आणि पडद्यावर अंगठे उगवत होते. बारा. एकोणीस. तीस.

आपलाच तेवढा दिसला नाही तर? सारिकाने अंगठा दिला.

हसू नका. आज सकाळपासून तुम्ही अंगठा कुठे कुठे दिलात ते आठवतंय का? वाचल्याचं विचारत नाही, दिल्याचंच विचारतेय.