दोन जिवांचं ताट

मयुरीला सहावा महिना लागला आणि सेलूच्या त्या घरात तुपाचा डबा ओट्यावरून हलेनासा झाला. सासूबाई सुमित्राबाईंचा सिद्धांत एकच: दोन जिवांच्या बाईनं दोघांचं खावं, आणि ताटात काही उरलं तर लेकराची लाळ गळते. हा सिद्धांत खोडून काढणारं माणूस सेलूत अजून जन्मायचं होतं.

वर्ध्याच्या डॉक्टर सपनांनी मात्र मयुरीला बजावलं होतं, "तुमचं वजन आधीच जास्त आहे. बाळाची भूक अन् चरबी साठवायची सवय पोटातच घडायला लागते. पुढे त्याला खाणं आवरणं जड जाऊ शकतं. महिन्याला एक किलोच्या वर वाढ नको."

मयुरीनं ते मनावर घेतलं. शाळेत तिला पोरं 'पोतं' म्हणायची. आपल्या लेकराला कोणी तसं म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं. पण सासूबाई ताट रिकामं होईपर्यंत समोरून उठायच्या नाहीत.

"तू नको खाऊ. तुह्या वाट्याचं मी खातो," नवरा योगेंद्र म्हणाला. त्याग करताना माणसाच्या चेहऱ्यावर थोडं तरी दुःख दिसावं, ते काही दिसलं नाही.

सासूबाई तूप आणायला वळल्या की ताटांची अदलाबदल व्हायची. लख्ख ताट पाहून सुमित्राबाई हरखल्या. "पोरीले भूक लागून राह्यली!" म्हणत त्यांनी शिरा दोन वेळा सुरू केला. मग वर्ध्याची तुपाळ गोरसपाक बिस्किटं आली. मग शेजारच्या कौशल्याबाई पुरणपोळ्या घेऊन आल्या. महिन्याभरात योगेंद्रच्या शर्टाची दोन बटणं गेली.

पुढच्या तपासणीला नवरा-बायकोसोबत सुमित्राबाईही मुद्दाम गेल्या. मयुरीचं वजन फक्त आठशे ग्रॅम वाढलं होतं.

"पाह्यलं, डॉक्टरीणबाई? रोज दोन वाट्या शिरा, चार पुरणपोळ्या, वरून तूप. माह्या हातचं अन्न बाधतच नाई!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "एवढं खाऊन वजन वाढत नाही? मग आजच भरती करा. सगळ्या तपासण्या कराव्या लागतील."

सुमित्राबाईंचं तोंड उतरलं. मयुरीनं नवऱ्याकडे पाहिलं. योगेंद्र मुकाट्यानं काट्यावर चढला. एकशे नऊ.

"मागच्या महिन्यात एकशे तीन होतो. शिरा मीच खाऊन राह्यलो होतो, आई."

"पन काऊन रे?"

"लेकराले माह्यासारखी भूक लागू नये म्हून."

डॉक्टरांनी हसू दाबलं. "आई, हा पोटात होता तेव्हा तुमचं वजन किती होतं?"

सुमित्राबाईंना पुन्हा जोर चढला. "नव्वद! माहेराहून तुपाचे डबे येत. अन् हे पोरगं जन्मल्याबरोबर भुकेलं. दुधाची बाटली संपली का रडे. पोट भरलं असं यानं आजवर कधी म्हटलंच नाई..." आणि त्या एकदम थांबल्या. "म्हंजे याची भूक मीच लावली का, बाई?"

"तुमचा दोष नाही. तेव्हा कोणाला माहीत होतं? अन् सगळं पोटातच ठरत नाही. पुढे घरात काय वाढतात, त्यावरही असतं."

हे शेवटचं वाक्य त्यांना जास्त लागलं. त्या दिवसापासून त्या ताटासमोर बसायच्याच, पण योगेंद्रच्या. भाकर, पालेभाजी, काकडी. तो मयुरीला ताट बदलायच्या खुणा करायचा. मयुरी आपलं ताट जवळ ओढायची.

दिवस भरले आणि मुलगी झाली, दोन किलो नऊशे. बारशाला घरात बायका जमल्या असताना ती दूध प्यायली, मधेच तोंड फिरवलं आणि झोपून गेली.

"अजून थोडं पाज..." सुमित्राबाईंचा हात सवयीनं पुढे झाला. मग तो त्यांनी मागे घेतला आणि नातीकडे बघतच राहिल्या. डोळे भरून आले.

"कौशल्या, पाह्य वं! पोट भरल्यावर थांबनारं पहिलं मानूस आलं आमच्या घरात!"

योगेंद्रनं तोंडाशी नेलेला पेढा बराच वेळ विचार करून मोडला आणि अर्धा डब्यात परत ठेवला.