अध्यक्षसाहेब मागून चालतात

एका जंगलात एक शाळा होती आणि त्या शाळेचा एक बँड होता. मुलांनो, शाळेत गणित शिकवायचे का, ते मला विचारू नका. बँड होता. वर्गांवर छप्पर नव्हतं. विज्ञानाच्या बाई तीन पावसाळे आल्या नव्हत्या. पण बँडच्या टोप्यांना लाल तुरे होते. कुणी शाळेचं नाव काढलं की दुसरा लगेच म्हणायचा, "हो हो, ती बँडवाली!"

या शाळेचे अध्यक्ष एक बिबट्या होते. शाळा त्यांनीच काढली होती. बिबट्यानं शाळा कशाला काढावी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही हुशार आहात. जंगलात तो कुणाला पडला नाही.

दर वर्षी जंगलदिनाला बँडचं संचलन निघे. शाळेपासून पाणवठ्यापर्यंत, मधल्या करवंदीच्या जाळ्यांतून. चार-चारच्या सहा रांगा, म्हणजे चोवीस मुलं. पहिल्या रांगेत बिगूल, मग बासऱ्या, मग ड्रम, आणि शेवटच्या रांगेत झांजा. सगळ्यांच्या मागे अध्यक्ष.

"दुसऱ्या शाळांचे अध्यक्ष पुढे चालतात. गळ्यात हार घालून घेतात," बँड शिकवणारे वानर सर दर वर्षी भाषणात सांगत. "आमचे साहेब मुलांच्या मागून चालतात. केवढा हा साधेपणा!"

टाळ्या पडत.

त्या वर्षी पलीकडच्या डोंगरावरून एक भेकर कुटुंब राहायला आलं. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण. बापाचं नाव हरबा, आईचं सगुणा आणि लेकीचं पिंगी. पिंगी नववीत होती. आईबापांनी काहीही विचारलं की "काही नाही" म्हणायच्या वयाची. पहिल्याच आठवड्यात तिची बँडमध्ये निवड झाली. तिला झांज मिळाली. ती अंघोळीला जातानाही झांज नेऊ लागली. शेजारच्या घुबडानं घर बदललं.

हरबाला अभिमान वाटला. आणि दुसऱ्या दिवशी दारात सांबरवहिनी उभ्या राहिल्या.

सांबरवहिनी या नवपालक मार्गदर्शन समितीच्या प्रमुख. बँडमध्ये मूल गेलं की आईबापांना काही कळत नाही, म्हणून जुन्या पालकांनी ही समिती काढली होती. वहिनींची तीन मुलं बँडमधून पार पडली होती.

"तिन्ही," त्या ओट्यावर बसत म्हणाल्या. "तिन्ही घरी आली. अशी आई जंगलात दुसरी दाखवा."

"घरी आली म्हणजे?" सगुणानं विचारलं.

"सांगते. आधी गणवेशाचं बघू. टोपी जरा सैलच घ्या, या वयात डोकं वाढतं. पट्टा रोज घासायचा. तालमीला पाच मिनिटं आधी पोचवायचं आणि लांब थांबायचं. पोरांना आईबाप दिसलेले आवडत नाहीत. हात तर मुळीच हलवायचा नाही. रांग कुठली मिळाली?"

"सहावी," हरबा कौतुकानं म्हणाला. "झांज."

वहिनींनी हातातलं बोर खाली ठेवलं.

"बदलून घ्या, भावजी."

"का हो?"

"सहाव्या रांगेतली मुलं पुढे शिकायला जातात."

"अहो, मग चांगलंच की!"

"लगेच जातात. त्याच दिवशी. टोपीसकट."

सगुणा पुढे सरकून बसली.

"अध्यक्ष मागून चालतात ना," वहिनी हळूच म्हणाल्या.

"म्हणजे खातात?" सगुणा ओरडली.

"हळू, सगुणाताई! काय बोलता! समितीत आम्ही त्याला गळती म्हणतो. सरकारदरबारीही तोच शब्द आहे."

"चौघांनाही?"

"साहेब एकटे थोडेच आहेत? विश्वस्त मंडळ आहे ना. तरस आहेत, कोल्हे आहेत. त्यांनाही संस्थेसाठी वेळ काढावा लागतो."

"आणि पुढच्या मुलांना काही ऐकू येत नाही?"

"झांजा शेवटच्या रांगेत का ठेवल्यात मग? पहिल्यावर झडप पडली तरी बाकीच्या तीन वाजतच असतात. शेवटची थांबली की वानर सर ड्रमवाल्यांना 'जोरात' अशी खूण करतात. सगळं नीट बसवलेलं आहे हो. वर्षानुवर्षांची परंपरा आहे."

"आणि तुम्ही सगळे गप्प बसता?" सगुणा म्हणाली.

"गप्प?" वहिनी दुखावल्या. "दर महिन्याला बैठक असते आमची!"

"मी उद्याच पोरीला काढून घेते."

"घ्या. आणि दहावीनंतर काय करणार? नदीपलीकडच्या कॉलेजात बँडवाल्यांना थेट प्रवेश आहे. बाकीच्यांची परीक्षा घेतात. विज्ञानाच्या बाई किती वर्षं आल्या नाहीत, ठाऊक आहे ना?"

सगुणानं हरबाकडे पाहिलं. हरबानं डोकं खाजवलं.

"मग करायचं काय, वहिनी?"

"पुढची रांग मिळवायची. पालकांनी किती हातभार लावला, यावर रांग ठरते. कामाला लागा."

मुलांनो, हरबा कामाला लागला. त्यानं बँडमधले सगळे बिगूल शेपटीनं पुसून चकचकीत केले. पिंगी पाचव्या रांगेत गेली आणि तिला झांजेऐवजी ड्रम मिळाला. सगुणानं तालमीला रोज करवंदांचं सरबत नेलं. पिंगी चौथ्या रांगेत गेली. मग हरबानं अध्यक्षांसाठी स्वागतगीत लिहिलं. त्यात "पाठीशी उभा तू आमुच्या" अशी ओळ होती. अध्यक्षांना ती फार आवडली. पिंगी तिसऱ्या रांगेत गेली.

हरबा आता स्वस्थ झोपू लागला. पुढच्या बैठकीत एका नवख्या उंदरानं चाचरत विचारलं, "मुलं खाल्ली जातात, असं ऐकलं ते खरं का?" तर हरबाच चटकन म्हणाला, "हळू! गळती म्हणायचं." सांबरवहिनींनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. नवा गडी तयार झाला होता.

बँडमध्ये एक साधा हिशेब असतो. एक जण पुढे सरकला की एक जण मागे येतो. तिसऱ्या रांगेतून सहाव्या रांगेत आली ती सशाची शेवंता. शेवंता पिंगीच्या बाकावर बसायची. दोघींचा डबा एक होता. शेवंताच्या आईला समितीच्या बैठकांना यायला जमत नव्हतं.

जंगलदिनाच्या आदल्या दुपारी पिंगी पाय आपटत घरी आली.

"बाबा, शेवंताला झांज का दिली? ती माझ्याहून चांगला ड्रम वाजवते."

हरबानं लेकीला जवळ बसवलं. आता ती मोठी झाली, असं त्याला वाटलं. त्यानं तिला सगळं सांगितलं. कशी धावपळ केली, कसे बिगूल पुसले, कशी रांग मिळवली. शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं सांगितलं.

"म्हणजे उद्या शेवंताला खाणार?"

"तसं नाही गं. गळती."

"बाबा, खाणार का?"

"हो."

"आणि तुम्ही बिगूल पुसले."

"तुझ्यासाठीच ना, बाळा!"

"तिच्या घरी सांगितलंत?"

"त्यांनी बैठकीला यायला नको?" हरबा चिडून म्हणाला. "सगळं आम्हीच सांगायचं का घरोघर फिरून?"

आत सगुणा टोपीचा तुरा शिवत होती. तिच्या हातातली सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली.

दुसऱ्या दिवशी बँड उभा राहिला. तुरे डुलत होते. समितीचे पालक दोरीपलीकडे उभे होते. वार्ताहर पोपट झाडावर आरामात बसला होता, कारण "संचलन उत्साहात" ही बातमी त्यानं आदल्या दिवशीच देऊन टाकली होती. वानर सरांनी शिट्टी वाजवली. बँड करवंदीच्या जाळ्यांत शिरला, आणि शिरताक्षणी पिंगी तिसऱ्या रांगेतून निघाली ती सरळ मागे चालत गेली.

"ए, रांग मोडू नकोस!" वानर सर ओरडले. ड्रमच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

पिंगी सहाव्या रांगेत शेवंताशेजारी उभी राहिली. मग ती त्या चौघांना म्हणाली, "मागे फिरा. तोंड मागे, चाल पुढे. आणि झांजा थांबवू नका."

"उलटं चालायचं? पडू ना आपण!" शेवंता म्हणाली.

"पडलीस तर ऊठ. पण पाठ दाखवू नकोस."

पिंगीला डोंगरावर एवढं शिकवलेलं होतं की बिबट्या पाठीवर झडप घालतो. डोळ्यांत डोळे घालून बघणाऱ्यावर तो येत नाही. त्या शाळेत हे कुठल्याही इयत्तेला नव्हतं.

विश्वस्त मागच्या जाळीत दबून साहेबांच्या झडपेची वाट बघत होते. अध्यक्ष तेव्हा पोट जमिनीला लावून, शेपटीचं टोक हलवत, अगदी झडपेच्या बेतात होते. त्यांनी मान वर केली तर समोर पाच तोंडं. दहा डोळे. चार झांजा.

आता पोटावर पडलेल्या अध्यक्षानं काय म्हणावं? ते उठले. त्यांनी अंगावरची पानं झटकली.

"शाब्बास," ते म्हणाले. "छान वाजवता. पण बाळांनो, पुढे बघा. पुढे!"

"कसं बघणार, साहेब?" पिंगी म्हणाली. "वडीलधाऱ्यांकडे पाठ करू नये. मूल्यशिक्षणाच्या तासाला तुम्हीच येऊन सांगितलंत."

अध्यक्षांनी मिशीवरची धूळ पुसली. ते डावीकडे गेले. दहा डोळे डावीकडे गेले. ते उजवीकडे आले. दहा डोळे उजवीकडे आले. शेवंता दोनदा पडली, दोनदा उठली. जाळ्या संपल्या, उजेड आला, आणि पाणवठा दिसू लागला.

चोवीस निघाली होती. चोवीस पोचली.

तिथे मोठी पंचाईत झाली. खाऊची पुडकी वीसच होती. दर वर्षी वीसच करत. वानर सरांनी पुडकी उलटसुलट करून पाहिली, मुलांकडे पाहिलं, आणि कपाळावरचा घाम पुसला.

संध्याकाळच्या आत समितीची तातडीची बैठक बसली. पोपटानं बातमी बदलली: "संचलनात बेशिस्त, अध्यक्षांचा अवमान." सांबरवहिनी हरबासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, मी तुम्हाला तिसरी रांग मिळवून दिली. तिसरी! आणि तुमच्या पोरीनं हे केलं? चोवीसच्या चोवीस परत! आता पुढल्या वर्षी जागा किती? यंदा बँडमध्ये दहावीतला एकही नाही. म्हणजे शून्य."

"अहो, पण पोरं जिवंत आहेत," सगुणा म्हणाली.

"बाहेर जाऊन सांगा तसं."

बाहेर फाटकापाशी एकेचाळीस पालक उभे होते. त्यांची मुलं बँडच्या प्रतीक्षा यादीत होती. त्यांनी पळसाच्या पानांवर मागण्या लिहून आणल्या होत्या. ते घोषणा देत होते.

"आमच्या मुलांचं काय?"

"न्याय द्या! जागा द्या!"

"तुमची मुलगी आत गेली, आता दार लावून घेतलंत होय?" एक वानरीण हरबावर खेकसली. "डोंगरावरून आलेल्यांना सगळं, आणि आम्ही इथले बघत बसायचं?"

"अहो, ती चौघं मेली असती!" सगुणा म्हणाली.

"म्हणून आमच्यावर अन्याय?"

गर्दीच्या अगदी पुढे शेवंताची आई होती. तिला पाहून सगुणाला हायसं वाटलं. निदान ही तरी आपली बाजू घेईल!

"शेवंता घरी आली, बरं झालं हो," शेवंताची आई डोळे पुसत म्हणाली. "तुमच्या लेकीचे उपकार आहेत. पण घरी आणखी अकरा आहेत माझी. त्यांना जागा कुठून मिळणार, ते सांगा."

आत समितीनं ठराव केला. पुढल्या वर्षीपासून प्रत्येक टोपीला दोन्ही बाजूंनी झापडं बसवायची, म्हणजे मुलांचं लक्ष विचलित होणार नाही. पिंगीच्या वडिलांनी लेखी माफी मागावी. मागितली तर पिंगीला बँडमध्ये ठेवण्यात येईल. रांग सहावी.

तिघांना आत बोलावून वानर सरांनी कागद पुढे केला. हरबानं तो हातात घेतला. मुलांनो, मला सांगायला लाज वाटते, पण त्यानं माफीची पहिली ओळ मनात जुळवायला घेतली होती. नदीपलीकडचं कॉलेज त्याला दिसत होतं.

"किती चांगलं लिहिता हो तुम्ही," सगुणा म्हणाली. "'पाठीशी उभा तू.' अजून पाठ आहे माझी."

हरबानं कागद खाली ठेवला.

सगुणानं पिंगीच्या डोक्यावरची टोपी काढली. तुरा सारखा केला, कारण तो तिनं स्वतः शिवला होता. मग तिनं टोपी टेबलाकडे सारली आणि तिघं डोंगराची वाट धरायला वळली. परीक्षा देऊन मिळेल तो प्रवेश मिळेल.

टोपी टेबलावर टेकली मात्र, शेवंताची आई गर्दीतून आत घुसली, तिनं ती झडप घालून उचलली आणि काखेतल्या धाकट्याच्या डोक्यावर घालून बघितली. टोपी त्याच्या नाकापर्यंत आली. त्याला समोरचं काही दिसेना.

"मोठी होते का गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"बसेल," ती म्हणाली. "घालून घालून बसेल."

अध्यक्षसाहेब कोपऱ्यात उभे होते. त्यांनी पुढे होऊन पोराची टोपी मायेनं सरळ केली. टाळ्या पडल्या.

तात्पर्य : मुलांनो, आपल्या मागून कोण चालतंय हे वळून पाहू नये. त्यामुळे जागा रिकाम्या होत नाहीत आणि होतकरू मुलांचं नुकसान होतं. पालकांसाठी वेगळं तात्पर्य काढलेलं नाही. ते त्यांना बैठकीत आधीच सांगितलेलं असतं.