जावळाची गोधडी

जावळाच्या आदल्या दिवशीच जाफराबादच्या घरापुढं जीप थांबली आणि साहेबराव तात्या काखेत गोधडी मारून उतरले. मागून काकू, त्यांच्याही काखेत गोधडी. त्यांच्यामागं आसराबाई आत्या, डोक्यावर गोधडी. आकांक्षा तान्ह्या प्रेमला कडेवर घेऊन ओट्यावर उभी होती, ती उभीच राहिली. ही मंडळी उद्या दुपारी जेवायला यायची होती.

"तात्या, आजच?" तिच्या सासूबाईंनी, तुळजाबाईंनी विचारलं.

"आवं वहिनी, तुमचंच आवतन! 'आदल्या दिवशी मुक्कामाला या, येताना जुनी गोधडी आणा.' फोनमंदी बराबर लिव्हलंय."

तुळजाबाईंनी सुनेकडं पाहिलं, सुनेनं नवऱ्याकडं.

"मी काय केलं?" राजानंद म्हणाला. "तू दिलं तसं धाडलं."

आकांक्षा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायची. कुणाला तात्या म्हणायचं, कुणाला आत्या, यात चूक नको म्हणून तिनं आवतनंही कामाच्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहून केली होती. त्यात एक डिक्शनरी होती, म्हणजे मसाल्याच्या डब्यासारखी, कप्प्याकप्प्यांची: नाव, वेळ, सोबत काय आणायचं. त्या कप्प्यांतून आवतनाचा मजकूर जुळवणारं एक फंक्शन. 'सासर' भरून झाल्यावर तिनं त्यावरूनच 'माहेर' केलं आणि दोन कप्पे बदलले. मुक्काम आणि गोधडी फक्त धावड्याहून येणाऱ्या तिच्या आईसाठी होती.

आजीच्या जांभळ्या लुगड्याची ती गोधडी! तिला चुलीच्या धुराचा वास यायचा. तिच्यावरच आकांक्षा रांगली, तिच्याखाली गोवर काढला. प्रेमचं जावळ त्या गोधडीवर बसवून व्हावं, एवढी एकच हौस तिनं धरली होती.

आता तिनं कोपऱ्यात लॅपटॉप उघडला. मांडीवर पिवळ्या फुलांच्या दुपट्यात प्रेम. परवा हेच फंक्शन 'कप्पा सापडत नाही' म्हणून अडलं होतं. प्रेमला पाजता पाजता तिनं ते दुरुस्त केलं आणि चाललं या आनंदात मजकूर न वाचताच राजानंदला धाडायला दिला. आज फंक्शन पुन्हा तपासलं, ठीक होतं. नावं तपासली, ठीक.

बाहेर आसराबाईंनी विचारलंच, "जावळाला गोधडी कशापायी गं, तुळजा?"

घराची शोभा होऊ देतील त्या तुळजाबाई कसल्या! "आमच्यात पहिल्यापासून रीतच हाय."

"मला कसं ठाव न्हाई?" तात्या म्हणाले.

"तुम्ही ल्हान होता, भावजी."

तात्यांनी पटल्यासारखी मान डोलावली. दारात आणखी एक जीप थांबली. आणखी गोधड्या.

आकांक्षानं करून बघावं म्हणून 'माहेर'च्या वेळेत 'संध्याकाळ' घातलं आणि 'सासर' उघडलं. तिथंही संध्याकाळ! तिनं कपाळावर हात मारला. 'माहेर = सासर' लिहिलं होतं, पण बरोबरच्या चिन्हानं दुसरा डबा झालाच नव्हता. एकाच डब्याला दोन नावं चिकटली होती. वेगळी प्रत मागायला हवी होती. तिनं 'डीपकॉपी' असा एक शब्द घातला. डबे वेगळे झाले. पाहुणे मात्र अंथरुणं घालत होते.

तेवढ्यात एसटीनं तिची आई, दैवशालाबाई, आल्या. आकांक्षा प्रेमला कडेवर घेऊन धावली. आईच्या हातात फक्त पिशवी.

"आई, गोधडी कुठंय?"

"कोणती गं?"

"आजीच्या लुगड्याची! मेसेज वाचला न्हाई का?"

"वाचला की. म्हणलं, जागरणानं पोरगी येडी झाली. अगं आकू, ती तर कवाच आल्ती इथं! तुझ्या बाळंतपणात उसवली न्हाई का मी? लुगड्याच्या तर चिंध्याच झाल्त्या. आतून, मागनं कवातरी भरलेले, तुझे ल्हानपणचे फ्रॉक निघाले, लोण्यावानी मऊ. त्याचीच तर ही दुपटी!"

आकांक्षानं कडेवर पाहिलं. पिवळी फुलं. हे दुपटं ती रोज उकळून, उन्हात वाळवून, एकेक डाग निरखून घडी घालत होती. पुन्हा तेच. नावं दोन, वस्तू एक.

"लई माणसं जमवली गं," दैवशालाबाई पसरलेल्या गोधड्यांकडं बघत म्हणाल्या. "अन् ह्या कशापायी?"

"रीत हाय, ताई," तात्यांनी परस्पर सांगितलं. "पुढच्या महिन्यात आमच्या नातवाचं जावळ हाय. गोधडीशिवाय येऊ नका."

तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

आकांक्षानं दुपटं नाकाशी नेलं. चुलीच्या धुराचा वास कधीच धुऊन गेला होता. तिनं डोळे मिटून आणखी खोल श्वास घेतला, आणि प्रेमनं नेमकं तेव्हाच ते ओलं केलं.