बारा एकरांची फेरी

वामनरावांनी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं, "मनकर्णा, लिहून ठेव! आज दुपारी एकच्या आत आपल्या ऋत्विकचं लग्न पक्कं! नाही झालं तर नाव बदलून ठेवीन!"

मनकर्णाबाई पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "मांगच्या बारीले बी असंच म्हणले होते," त्या म्हणाल्या. "मंग सध्या तुमचं नाव काय चालू हाये?"

असल्या बोलण्याकडे लक्ष देणारा माणूस एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करूच शकत नाही! वामनरावांनी तोंड फिरवलं आणि पुतण्याचे बूट पायात कोंबायला घेतले. बूट डोंगरबिंगर चढायचे, चांगले जाडजूड तळाचे होते. फक्त एक नंबर लहान होते.

ऋत्विक त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ-वहिनी गेले तेव्हा पोरगा सातवीत होता. तेव्हापासून तो काकांचाच. वय एकतीस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. नाशिककडे एका वाइनवाल्यांच्या द्राक्षबागेत तीन वर्षं काम करून आला आणि जानेफळच्या शिवारात, चहूकडे सोयाबीन-तूर असताना, मधोमध तीन एकर द्राक्ष उभी केली. अख्खं गाव बघायला आलं. मुलीवाले मात्र येईनात! आले तरी "मुलगा काय करतो?" "शेती," एवढं ऐकून कपातला चहा अर्धा सोडून उठायचे. नऊ स्थळं अशी गेली. वरवर वामनराव कितीही फुशारक्या मारोत, पोरगा संध्याकाळी एकटाच बागेत बसलेला दिसला की ते ताटावरून अर्धपोटी उठायचे. म्हणून दहाव्या स्थळाचा बायोडाटा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. त्यात 'शेती' या शब्दापुढे 'तीन एकर' लिहायला गेले आणि लिहून बसले 'बारा एकर बागायत'!

ऋत्विकला हे कळलं तेव्हा स्थळ निघायच्या तयारीत होतं.

"काका, बारा एकर दाखवणार कुठून?"

"तुह्या त्या गोल रस्त्यातून!"

हा गोल रस्ता म्हणजे ऋत्विकचं एक वेड होतं. नाशिककडे म्हणे शहरातली माणसं तिकीट काढून द्राक्षबागांतून पायी फिरतात. बाण दाखवतील तसं चालायचं, घड बघायचे, फोटो काढायचे आणि जिथून निघाले तिथेच परत यायचं! तशीच वाट त्याने आपल्या बागेत आखली होती. खांबाखांबावर पिवळे बाण आणि फाटकावर पाटी, 'द्राक्षवाट'. ओळींमधून आत-बाहेर अशी नागमोडी नेली होती की तीन एकरात माणूस अर्धा तास चालायचा. वर्षभरात तिथे फिरायला आले दोघेच. एक गावातले डायबिटीसवाले गुरुजी आणि एक शेळी.

"जिथून निघालो तिथंच यायचं, त्याले काऊन पैसे देतात बे?" असं म्हणून वामनराव वर्षभर हसले होते. आता त्यांना त्या वाटेचं मोल कळलं! फेब्रुवारी होता, वेलींवर दाट पानोळा होता, पाखरं येऊ नयेत म्हणून बागेला चहूबाजूंनी हिरवी जाळी होती. आत शिरलं की दहा हातांपलीकडचं दिसत नाही. बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना बोरी-बाभळींनी गच्च झालेली पांदणवाट. एकदा विहिरीकडून आत शिरायचं, पांदणीतून वळसा घालून दुसऱ्यांदा लिंबाकडून, तिसऱ्यांदा नाल्याकडून, चौथ्यांदा सडकेकडून. तीन चोक बारा! तीस वर्षं एकाच गाडीत बसवून लोकांना कुठे कुठे नेलं होतं त्यांनी.

"हे बरोबर नाही, काका."

"तू फक्त पोरीच्या बाजूनं चाल अन् तोंड बंद ठेव."

"खोटं किती दिवस टिकंन?" मनकर्णाबाईंनी आतून विचारलं.

"लग्नापर्यंत!"

दहाच्या सुमारास बुलढाण्याची गाडी आली. पुढून उतरले हिंमतराव, निवृत्त हेडक्लार्क, गोल आणि हसतमुख. मागून उतरली काजल. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती आणि डोळ्याला डोळा भिडवून बघणारी होती. तिच्यामागून हिंमतरावांच्या थोरल्या बहीण जयमालाताई उतरल्या आणि वामनरावांच्या छातीत पहिली कळ आली. कारण ताईंच्या काठापदराच्या लुगड्याखाली पांढरे स्पोर्ट शूज होते!

"आमची ताई दरसाल पायी शेगावले जाते," हिंमतरावांनी कौतुकाने सांगितलं. "अन् घरातला शेवटचा शब्द बी तिचाच."

पोहे झाले, पाणी झालं आणि मंडळी विहिरीकडून बागेत शिरली. पुढे वामनराव, त्यांच्यामागे हिंमतराव आणि ताई, सर्वांत मागे काजल आणि ऋत्विक. आत पांढरी टोपी घालून वामनरावांचा शेजारी आणि जिवाभावाचा दोस्त निवृत्ती खोटंखोटं खुरपत बसला होता.

"हा आमचा विहिरीच्या मळ्यावरचा सालदार," वामनराव म्हणाले. "अन् हे तीन एकर."

जयमालाताईंनी घडातले चार मणी तोंडात टाकले आणि त्यांचा चेहरा गोळा झाला. "बाई! नुसत्या बिया! हे कोणत्या कामाची द्राक्षं हायेत?"

वाइन हा शब्द वामनरावांनी सकाळपासून सर्वांना बंद केला होता. "औषधी हायेत, ताई!"

"कशावर औषध?"

"ते... झोप येत नसंन ना, त्याच्यावर!"

मागून फार्मासिस्टला जोराचा खोकला आला.

दुसरी फेरी लिंबाकडून. निवृत्तीने धावत येऊन टोपी काढली होती आणि डोक्याला लाल उपरणं गुंडाळलं होतं. तिसरी फेरी नाल्याकडून. आता तो काळा चष्मा लावून फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभा! हिंमतराव हरखून गेले होते. त्यांना डॉक्टरांनी रोज सहा हजार पावलं सांगितली होती आणि ती इथे फुकटात होत होती.

"वामनराव, तुमचे सगळे सालदार एकासारखे एक दिसतात हो!"

"सख्खे भाऊ हायेत," वामनरावांनी ठोकून दिलं. "चौघं."

चौघं म्हटलं आणि पाठीवरच्या पंपासकट निवृत्ती हादरला. चौथ्या भावासाठी त्याच्याकडे टोपी, उपरणं, चष्मा यातलं काहीच उरलं नव्हतं. पण दोस्तीखातर माणूस काय करत नाही! पाहुणे पांदणीत असताना त्याने छाटणीची कातर उचलली आणि पंचवीस वर्षांची मिशी उडवली. घाईत डावी बाजू थोडी राहिली.

इकडे वामनरावांच्या पायांनी जाब विचारायला सुरुवात केली होती. बुटात दोन फोड आले होते, त्यातला एक फुटला होता. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी आशेने विचारलं, "दमले असान, ताई? उरलेलं वावर मंग कधी पाहू."

"अजून तीन एकर राह्यले ना!" ताई टुणटुणीत आवाजात म्हणाल्या. "आल्यासारखं पाहून घेऊ."

चौथी फेरी वामनरावांनी कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत. प्रत्येक पिवळा बाण त्यांना आपल्याच पायात घुसल्यासारखा वाटत होता. पण मागे वळून पाहिलं तर काजल आणि ऋत्विक बोलत येत होते, मधेच हसत होते. ते पाहून ते पुन्हा लंगडत पुढे निघायचे. एक वाजायला दहा कमी असताना सगळे ओसरीवर टेकले. वामनरावांनी बायकोकडे पाहून भुवया उडवल्या. झालं काम!

"बाग पाह्यली," जयमालाताई म्हणाल्या. "छान हाये. पण आम्हाले जमत नाही."

"काऊन?" वामनराव उभेच राहिले. पायांनी त्यांना परत बसवलं.

"एवढं मोठं खटलं नको, भाऊ. मले वीस एकरात देलं होतं. चाळीस वर्षं मी दुसरं केलं काय? पहाटे उठून सालदारांचे डब्बे! आमच्या पोरीले सोताचं मेडिकल टाकायचं हाये. बारा एकर, चार सालदार, चार सालदारांची बायकापोरं... नाही, बाप्पा! तीन-चार एकरवालं घर असतं तर मी आत्ता उठून कुंकू लावलं असतं."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की वामनरावांना एकदम तहान लागली.

"ताई," त्यांनी तांब्या खाली ठेवला, "आमचं तीनच एकर हाये."

"असं कसं? आम्ही डोळ्यानं पाह्यलं!"

"तेच ते चारदा दाखवलं हो!"

"वा!" हिंमतरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मोठं असून लहान सांगता! याले म्हणतात मोठेपणा!"

वामनरावांनी धावत, म्हणजे टाचांवर चालत, सातबारा आणला. ताईंनी तो हातातही घेतला नाही. "आमच्या घरी वीस एकर हाये अन् सासऱ्याच्या नावावर पाचच होतं. कागदाचं काय सांगता?"

मग निवृत्तीला हाक गेली. तो टोपी, उपरणं, चष्मा आणि उरलेली पाव मिशी घेऊन हजर झाला. "हे पाहा!" वामनरावांनी त्याच्या डोक्यावर टोपी घातली. "हा पहिला!" टोपी काढून उपरणं बांधलं. "हा दुसरा!" चष्मा लावला. "हा तिसरा! सगळा एकच माणूस हाये! याचं नाव निवृत्ती, हा सालदार बी नाही, याचं सोताचं आठ एकर हाये!"

जयमालाताईंनी निवृत्तीला नीट न्याहाळलं. "भाऊ हाये म्हणल्यावर तोंडावळा सारखा राहणारच," त्या म्हणाल्या. "बाकीच्या तिघांले कुठं लपवलं?"

"निवृत्ती, सांग ना बे काही!"

"काय सांगू?" निवृत्ती ओठांवर हात ठेवून केविलवाणा म्हणाला. "मले घरी काय सांगावं तेच समजून नाही राह्यलं!"

वामनरावांचा धीर सुटला. आयुष्यभर त्यांनी थापा मारल्या आणि लोकांनी हसून सोडून दिल्या. आज पहिल्यांदा पोटतिडकीने खरं बोलत होते आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता! ताईंनी पिशवी काखेला लावली. दहावं स्थळ उठलं. "ताई, पोराची काही चूक नाही हो," ते म्हणाले. "मले शिक्षा करा, त्याले नका करू."

"आत्या," काजल जागची हलली नव्हती. "तीनच एकर हाये."

"तुले काय माहीत?"

"यांनी सांगतलं. पहिल्याच फेरीत. आत शिरल्या शिरल्या."

ऋत्विक आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत उभा होता.

"अन् तू गुमान चार फेऱ्या मारल्या? बोलली काऊन नाही?"

"बोलले असते तर आपण पोह्यांच्या ताटलीवरून उठलो असतो," काजल म्हणाली. "मागच्या वेळी त्या चिखलीवाल्या मुलाशी बोलायला गच्चीवर पाच मिनिटं दिली होती. ती पण तू जिन्यात उभी राहून घड्याळात मोजत होती. आज अडीच तास बोलता आलं. काकांनी पाचवी फेरी काढली असती तरी मी मारली असती."

जयमालाताईंनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ ऋत्विकसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काकानं तोंड बंद ठेव म्हणलं असंन ना?"

"हाव."

"तरी सांगतलं?"

"हाव."

"तीन एकर?"

"तीन एकर दोन गुंठे," ऋत्विक म्हणाला.

ताईंनी मागे न पाहता हात लांब केला. "मनकर्णाबाई, कुंकू आणा."

वामनरावांनी उपरण्याने डोळे पुसले. उपरणं निवृत्तीच्या डोक्यावर होतं, त्यामुळे निवृत्तीलाही त्यांच्याबरोबर वाकावं लागलं. साखर वाटली गेली, पाया पडणं झालं, बायका आत गेल्या. एक वाजून फक्त वीस मिनिटं झाली होती, आणि वीस मिनिटं उशीर एसटीत उशीर धरत नाहीत! वामनराव पुन्हा पूर्वीसारखे ऐटीत बसले.

तेवढ्यात नवे व्याही हिंमतराव यांनी त्यांना खूण केली आणि दंडाला धरून गोठ्यामागे नेलं. मघापासून त्यांचा चेहरा उतरलेलाच होता.

"इवाई, एक घोटाळा झाला," ते कुजबुजले. "आमचा एक साडू हाये बुलढाण्यात. त्याचा जावई दहा एकरवाला. सहा वर्षं झाले, कोणत्याही लग्नात गेलो की तो मले ते दहा एकर ऐकवते. मले राहवलं नाही. तिसऱ्या फेरीत, मी लघवीले म्हणून मागं राह्यलो ना, तवा त्याले फोन लावला."

"अन्?"

"पुढच्या रविवारी तो बाग पाहाले येऊन राह्यला. घरचे अन् जावयाकडचे धरून सतरा जण."

वामनरावांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. "मंग खरं सांगून द्या ना त्याले!"

"साडूले?" हिंमतराव दचकले. "त्याच्यापेक्षा मी लग्नच मोडीन! नाही इवाई, आता तुम्हीच वाचवा. फिरवाचं कसं ते तुमच्याइतकं कोणाले जमत नाही."

स्तुती ऐकून वामनराव एवढ्या यातनेतही थोडे फुलले. "ठीक हाये," ते म्हणाले. "बारा म्हणजे चार फेऱ्या. दुसरे बूट घेतो."

"बारा नाही सांगतले," हिंमतरावांनी नजर चुकवली. "बाराच सांगणार होतो. पण त्याचा आवाज ऐकला अन् तोंडातून अठरा निघालं."

वामनराव मटकन गव्हाणीच्या कडेवर बसले. सहा फेऱ्या! मग त्यांनी मान वर केली, हिंमतरावांना जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "इवाई, आपल्या पोट्ट्यांले आज रात्रीच पळून जा म्हणलं तर रविवार टळंन ना?"