हिंगोजीरावांच्या दोन रेघांची बखर

श्री. मापास नमन, काट्यास नमन, मोजून बोलणारास नमन. न मोजता बोलणारास नमन नाही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमी, मंगळवार, ते दिवशी एका राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे लिहिले असे. संवत्सराचे नाव पंचांगकर्त्यांनी ठेविले होते. या राज्यी ते अक्षरशः खरे जाहले.

राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. तिसरे मजल्यावर दोन खोल्या, एक दिवाणखाना, एक मुदपाकखाना आणि कपडे वाळत घालावयाची गॅलरी, इतकाच मुलूख. तख्तावर श्रीमंत हिंगोजीराव बोके, वय वर्षे अकरा, वजन साडेसहा किलो, वर्ण पिवळा. बालपणी हिंगाच्या रिकाम्या डब्यात निजलेले सापडले म्हणोन हे नाव पडिले. तख्त म्हणजे वॉशिंग मशीन. कारभार उर्मिलाबाईंचे हाती. बाई कनिष्ठ महाविद्यालयी रसायनशास्त्र शिकवीत, आणि पुराव्याविना बोललेले एक अक्षर त्यांस सोसत नसे. त्यांचे यजमान दिगंबरपंत, स्वभावे गरीब, घरात आवाज चढला की वर्तमानपत्र उघडून त्याचे आड बसणारे. गेल्या श्रावणात श्रीमंतांनी घागरीसारखे पाणी पिण्यास आरंभ केला, आणि अंग उतरले, आणि तख्तावर उडी मारवेना, तेव्हा जनावरांच्या डॉक्टर फडतरेबाई यांनी रक्त पाहून मधुमेह ठरविला, आणि आज्ञा केली की दर बारा तासांनी, सकाळी सात व सायंकाळी सात, आधी खाणे, मग इन्शुलिन दोन युनिट; खाल्ले नाही तर न टोचता फोन करणे; टोचले गेले की नाही ऐसा संशय पडला तर पुन्हा न टोचणे, कारण साखर एक वेळ चढली तर निभावते, फार उतरली तर जीव जातो. बाटली शंभराच्या बळाची, म्हणजे एका मिलिलिटरात शंभर युनिट. तिजसाठी सिरिंज नारिंगी टोपीची, जीवर एक रेघ म्हणजे एक युनिट. मग बाईंनी शिरस्ता बांधिला: कानाच्या कडेस टोचून थेंबभर रक्त, यंत्रात आकडा, आकडा वहीत. शेजारच्या बायका येऊन मेथ्यांचे पाणी सांगत, कारल्याचा रस सांगत, जांभळाच्या बियांचे चूर्ण सांगत, बाई एवढेच पुसत, "किती मांजरांवर करून पाहिलंत?" आणि शेजारीण निघोन जाई. ऐसे पाच महिने चालिले, आणि साडेचारशांवरची साखर दोनशांचे आत आली, आणि श्रीमंत पुन्हा एका उडीत तख्तारूढ होऊ लागिले. ज्या दिवशी ती पहिली उडी पडिली ते दिवशी बाई मुदपाकखान्यात तोंड फिरवून उभ्या राहिल्या, ते पंतांनी पाहिले आणि पाहिले नाहीसे केले. पंतांस विसर फार, म्हणोन बाईंनी एक कागद लिहून फ्रिजच्या दारावर चिकटविला होता, त्यात सर्व काही क्रमवार होते.

माघमासी पंतांचे वडील बंधू वामनराव यांची स्वारी आठ दिवसांचे मुक्कामास आली. वामनरावांस स्वतःस वीस वर्षे मधुमेह. ते चाळीसाच्या बळाचे इन्शुलिन तांबड्या टोपीच्या सिरिंजने मांडीत घेत, आणि ती सामग्री खिशातील डबीत घेऊन हिंडत. वीस वर्षांत त्यांनी बरोबर एकच रोगी पाहिला होता, तोही आरशात. परंतु मत सर्व रोगांवर देत. पहिल्याच दिवशी जेवावयास बसिले तेव्हा वही पाहोन हसिले आणि बोलिले, "काय गं उर्मिला, मांजराची वही? आमच्या डॉक्टरनं वीस वर्षांत माझी ठेवली नाही." बाई बोलिल्या, "म्हणूनच तुमची साखर कुठे असते ते तुमच्या डॉक्टरनाही ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही, भावजी." "मला न मोजता कळतं. तोंडाला कोरड पडली की दोन रेघा जास्त घ्यायच्या, विषय संपला." "अंदाज तुमचा, पाय तुमचे, तुम्ही सांभाळा. ह्याला हात लावायचा नाही." यावरी पंतांनी वर्तमानपत्र उघडिले. रविवारी बाई पंतांस बोलिल्या, "नारिंगी टोप्यांचं नवं खोकं आणा, दोनतीनच उरल्यात." पंत म्हणाले, "उद्या." सोमवारी पुन्हा बोलिल्या, पंत म्हणाले, "उद्या नक्की." आणि मंगळवारी खणात एकच सिरिंज उरली.

मंगळवारी बाईंस दुसऱ्या महाविद्यालयात बारावीच्या प्रात्यक्षिकाचे परीक्षक म्हणोन जाणे होते. साडेसहास निघाल्या, आणि निघताना बोलिल्या, "सात वाजता. कागदावर आहे तसं. कागदाबाहेर काही नाही." परीक्षेचा नियम ऐसा की परीक्षकांनी पोहोचताच फोन बंद करून कचेरीत जमा करावा, तो सातचे आतच केला. मग आम्लाचे थेंब पडू लागले, आणि पोरे घाबरू लागली, आणि मध्यान्हाचे सुमारास सातपुते आडनावाची एक मुलगी उत्तरपत्रिका घेऊन आली. आकडेमोड स्वच्छ, उत्तर शून्य दशांश शून्य नऊ आठ, आणि पुढे काही नाही. बाई बोलिल्या, "युनिट?" मुलगी बोलिली, "मॅडम, उत्तर बरोबर आहे ना पण?" "हे उत्तर नाही, हा आकडा आहे. शून्य दशांश शून्य नऊ आठ काय? किलो? मैल? आंबे?" मागे दोघे हसिले. मुलीचे कान तापिले, तरी ती हटली नाही, "सगळ्यांना माहीतच असतं ना मॅडम ते." "सगळ्यांना माहीत असतं म्हणून कुणी लिहीत नाही, आणि मग एके दिवशी ज्याला माहीत नसतं त्याच्याच हातात कागद पडतो." ऐसे बोलोन बाईंनी तांबड्या पेनाने दोन गुण कापिले आणि समासात लिहिले: युनिट नाही, शून्य. पेन पिशवीत टाकिले, कचेरीत जाऊन फोन घेतिला, तो पंतांचे अकरा फोन येऊन गेलेले.

बाईंनी जिन्यातच फोन लाविला. पंत बोलिले, "अगं, हिंगू उठत नाहीये. डोळे उघडे आहेत पण बघत नाही. चालायला गेला तर मागचे पाय फाकले, आणि मशीनखाली जाऊन पडला." "साखर किती आली?" "मोजली नाही. दादा म्हणाला झोप लागलीय, झोपू दे." "आत्ता मोजा. मी फोन धरून आहे." मागून वामनरावांचा स्वर आला, "साखर उतरली की घाम सुटतो माणसाला, मी सांगतो ना! ह्याला कुठे घाम आलाय?" बाई बोलिल्या, "मांजराला घाम पंजांना येतो म्हणावं, आणि मध्ये बोलू नका म्हणावं." मग यंत्र वाजिले आणि पंतांचा आवाज बारीक जाहला, "छत्तीस." बाई जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या त्या उभ्याच राहिल्या, परंतु जीभ थांबली नाही: "डाव्या फळीवर मध आहे. बोटाला लावून हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, गिळत नसेल तर श्वासात जाईल. टॉवेलात घ्या, चोळत चोळत फडतरे डॉक्टरांकडे चला. मी तिथे येते." आणि रिक्षात बसोन सारा रस्ता बाई मनात एकच हिशेब करीत राहिल्या, की दोन युनिटांत साखर इतकी उतरावयाची नाही, पाच महिन्यांच्या वहीत ऐसा आकडा एकदाही नाही, तेव्हा काहीतरी जास्त गेले आहे, आणि ते कोणी घातिले हे विचारावयाचीही गरज नाही.

दवाखान्यात पोहोचल्या तो श्रीमंतांचे पुढील पायास सलाईन लाविलेले, डोके एका बाजूस कललेले, आणि जो जीव डॉक्टरांचे हातास दर वेळी ओरखडत असे तो ओरखडीत नव्हता. डॉक्टर बोलिल्या, "ग्लुकोज चाललंय. संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. सकाळी किती युनिट दिलीत?" पंत बोलिले, "दोन रेघा." "रेघा नका सांगू मला. युनिट किती?" "दोन रेघा म्हणजे दोनच ना?" "कुठल्या सिरिंजनं?" मग चौकशीत निघाले ते ऐसे की सात वाजता श्रीमंत खाऊन बसिले, वामनरावांनी न सांगता त्यांचे मानेस धरिले, श्रीमंतांनी हिसका दिला, आणि एकुलती एक नारिंगी टोपीची सिरिंज टोचण्याआधीच फरशीवर पडोन तिची सुई वाकली. तेव्हा वामनरावांनी खिशातील डबी उघडली आणि आपली सिरिंज काढोन दिली. तीच आता त्यांनी डॉक्टरांपुढे धरिली. "ही घ्या बघा. टोपीचा रंग वेगळा, बाकी सुई ती सुई. उलट ही बारीक आहे." डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरिली आणि बोलिल्या, "ही चाळीसाची. हिच्या एका रेघेत तुमच्या बाटलीतलं अडीच युनिट येतं. दोन रेघा म्हणजे पाच." आणि आत निघोन गेल्या.

मग बाईंचा जो क्रोध उसळला त्याचे वर्णन करावयास या बखरकाराजवळ माप नाही. बाई बोलिल्या, "वीस वर्षं, भावजी! वीस वर्षं ह्या नळीवर चाळीस आकडा छापलेला आहे. रोज सकाळी हातात धरता, आणि एकदा वाचला नाहीत. मला न मोजता कळतं म्हणे! काय कळलं? छत्तीस कळलं?" वामनराव बोलिले, "अगं, मी मदतच करायला गेलो. आणि मांजरच आहे शेवटी—" "पुढचं वाक्य बोलू नका. इथे बोलू नका." तेव्हा वामनराव भिंतीवरील कुत्र्यांचे चित्र पाहू लागिले. मग बाई पंतांकडे वळिल्या. "आणि तुम्ही? दादा म्हणाला म्हणून टोचलंत? दोन दिवस खोकं आणा म्हणून सांगतेय! हात तुमचा होता ना? डोळे कुणाचे होते?" पंतांजवळ त्या वेळी वर्तमानपत्र नव्हते. त्यांचे बोटांस मध तसाच चिकटलेला होता. ते हळूच बोलिले, "माझेच होते. दादाला म्हटलं थांब, उर्मिलाला विचारू. तुझा फोन लागेना. मग तुझा कागद वाचला. तूच म्हणालीस, कागदाबाहेर काही नाही. कागदावर दोन रेघा लिहिलंय." बाई बोलिल्या, "काहीतरी सांगू नका. मी असं लिहिणार नाही. दोन युनिट लिहिलं असेल." "दोन रेघा लिहिलंय." "मी लिहिणार नाही!" ऐसे तीनदा बोलिल्या, आणि तिसऱ्या वेळी आवाज इतका चढला की आतील एक कुत्रे भुंकू लागिले.

चार वाजता डॉक्टर बाहेर येऊन बोलिल्या, साखर नव्वदीवर आली आहे, परंतु डोके उचलीत नाही. घरचे खाणे आणा, वासाने काही झाले तर पाहू. मग बाई घरी गेल्या. तख्ताखाली पसरलेली चादर तशीच, मधाची बाटली उघडी, ओट्यावर तांबडी टोपी. बाईंनी फ्रिजमधील मासळीचा डबा घेण्यास दार धरिले आणि तेथेच थांबिल्या. कागद समोर होता. हस्ताक्षर त्यांचेच, फळ्यावर लिहितात तैसे वळणदार. सकाळी सात, सायंकाळी सात. आधी खाणे. शंका आली तर पुन्हा टोचू नये. आणि मध्यभागी, खाली दोनदा अधोरेखित: दोन रेघा. पाच महिने तो कागद तेथे होता, आणि दिवसातून दहादा दार उघडताना बाईंनी तो पाहिला होता. नारिंगी टोपी लिहिली नव्हती, शंभर लिहिले नव्हते, युनिट लिहिले नव्हते; घरात ते सगळ्यांना माहीतच होते. बाईंनी पिशवीतून तांबडे पेन काढिले, रेघा या शब्दास वाटोळे केले, आणि समासात, ज्या अक्षराने दुपारी लिहिले त्याच अक्षराने, लिहिले: युनिट नाही, शून्य. मग तो कागद काढोन पर्समध्ये ठेविला आणि मासळीचा डबा घेऊन निघाल्या.

दवाखान्यात पंत बाकावर एकटे बसिले होते. बाईंनी कागद त्यांचे हाती दिला. ते वाचोन हसिले नाहीत, हे त्यांचे शहाणपण. बाई एवढेच बोलिल्या, "तुमच्यावर ओरडले त्यातलं खोक्याचं तेवढं तुमचं." मग आत जाऊन डबा उघडला. श्रीमंतांनी प्रथम एक कान हालविला. मग नाक हालविले. मग डोके उचलले, एक तुकडा चाटिला, आणि डॉक्टरांनी सलाईनची नळी नीट करावयास हात पुढे केला तोच त्यांस असे ओरखडिले की रक्त आले. डॉक्टर बोट चोखीत बोलिल्या, "हां. आता वाचला."

एकंदर मजकूर ऐसा. श्रीमंत गुरुवारी स्वराज्यी परतले आणि शनिवारी तख्तावर चढिले. वामनराव शुक्रवारीच निघाले. बाई त्यांशी एक शब्द बोलिल्या नाहीत, मात्र त्यांचे डबीत एक चिठ्ठी ठेविली की, बाटलीवर चाळीस आहे, नळीवर चाळीस आहे, दोन्ही वाचणे. सातपुते नामक मुलीचे दोन गुण परत दिले नाहीत, कारण कापिले ते योग्यच होते. नारिंगी टोप्यांची दोन खोकी खणात आहेत. रेघ हा शब्द राज्यातून हद्दपार असे. फ्रिजवर नवा कागद नाही. जुनाच पुन्हा लाविला आहे, त्यावर दुरुस्ती केली आहे की, बाटली शंभराची, टोपी नारिंगी, दोन युनिट. समासातील तांबडे शून्य तसेच आहे. ते खोडण्याची आज्ञा नाही.