अठ्ठ्याहत्तर किलोंचे शॉक

"चार बोल्ट, आई. वर दोन, खाली दोन. गाडीचे जुने शॉक ॲब्सॉर्बर काढायचे, नवे लावायचे. तासाभरात हात धुऊन चहाला येतो."

रविवारी सकाळी नऊ वाजता जावई हे वाक्य बोलला आणि सासूबाईंनी चहाचं आधण ठेवलं. ते आधण त्या दिवशी चार वेळा आटलं.

ज्या माणसाने आयुष्यात सायकलची उतरलेली साखळीही दुसऱ्याकडून चढवून घेतली, त्याच्या हातात पाना आला की अंगात कसली वीरश्री संचारते कोण जाणे. जावई पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. त्याच्या कामाचा एकच नियम होता: तक्त्यात लिहिलंय ते खरं. पंखा फिरत नसेल आणि तक्त्यात 'फिरतो' असं असेल, तर पंखा खोटारडा. अशी माणसं कारखान्यात फार वर जातात. घरात मात्र तोंडावर पडतात.

गाडी सासऱ्यांची होती. स्पोर्ट क्वाड बाइक. चार गुबगुबीत चाकं, वर मोटरसायकलचं हँडल आणि घोड्यावर बसतात तसं बसायचं. तीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस झाडांना पाणी घालील, पेपर वाचील, अशी घरच्यांची अपेक्षा. ह्यांनी गाडी आणली आणि पंचावन्न वर्षांपुढच्यांच्या मातीतल्या शर्यतीत नाव घातलं. गेल्या वर्षी एका उंचवट्यावरून उडी मारून खाली येताना पुढचे म्हातारे शॉक बसले ते उठलेच नाहीत. गाडीचं नाक मातीत रुतलं, सासरे हँडलवरून पुढे गेले आणि गळ्याजवळच्या हाडाचे दोन तुकडे झाले. सासूबाई तेव्हा कुंपणाला धरून उभ्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी एकच अट घातली. पुढे नवेकोरे शॉक, नाहीतर गाडी भंगारात.

म्हणून नवे शॉक मागवले. ते रेडिमेड चपलेसारखे मिळत नाहीत. चालवणाऱ्याचं वजन कळवावं लागतं, त्याप्रमाणे आत स्प्रिंग घालतात. फॉर्म जावयाने भरला. वजनाच्या रकान्याशी येऊन त्याचा पेन थबकला. "बाबा, तुमचं वजन किती?" असं सासऱ्याला तोंडावर विचारणारा जावई अजून जन्माला यायचाय. पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सासूबाई दर रविवारी सासऱ्यांचं वजन लिहीत असत. डॉक्टरांनी 'उतरवा' म्हटल्यापासूनची शिस्त. गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णव, मग पंच्याण्णव, नव्वद, आणि ताजा आकडा अठ्ठ्याहत्तर. जावयाने तो उतरवून घेतला. ते वजन ज्याचं होतं तो माणूस समोरच्याच खुर्चीत बसला होता आणि खुर्ची कुरकुरत होती. पण लेखी आकडा असताना खुर्चीचं कोण ऐकतो?

तर रविवार. शर्यत दुपारी चारला.

पहिला बोल्ट गंजलेला निघाला. दुसरा फिरला, पण जागच्या जागी. तिसऱ्याने अंगठ्याचं साल काढलं. साडेबाराला दोन्ही नवे शॉक जागेवर गेले तेव्हा जावई कपाळापासून ढोपरापर्यंत ग्रीसने माखला होता.

"झालं?" बायकोने दारातून विचारलं.

"लावणं झालं. आता शास्त्रीय चाचणी."

सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, की माणूस बसल्यावर गाडीचं नाक सात सेंटिमीटर खाली यावं. जावयाचं स्वतःचं वजन बासष्ट. त्याने मांडीवर सोळा किलोंचा पाण्याचा कॅन घेतला, झाले अठ्ठ्याहत्तर, आणि बायकोच्या हाती टेप दिली.

"किती?"

"सात."

"बरोबर सात?"

"बरोबर सात. आता उतर, कॅन गळतोय."

जावई उतरला तेव्हा त्याची पँट ओली होती आणि मान ताठ.

एक वाजता सासरे आले. बूट, हातमोजे, हेल्मेट काखेत. "वा, जावईबापू," म्हणाले आणि गाडीवर बसले.

शॉकमधून एक लांब उसासा निघाला. गाडीचं नाक खाली गेलं, आणखी खाली गेलं आणि 'ठक्' आवाज करून थांबलं. सासरे जरा हलले की ठक्. पुन्हा ठक्.

"नवे आहेत," जावई म्हणाला. "बसायला वेळ लागतो."

"बसलेच की," सासरे म्हणाले. "आता उठायचं काय ते बघा."

जावयाला त्या ठक्‌मध्ये हाड मोडल्याचा आवाज ऐकू येत होता. त्याने गाडी पुन्हा जॅकवर घेतली. दोन्ही शॉक काढले, डावा उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. सासरे बसले. ठक्. पुन्हा काढले. स्प्रिंगच्या डोक्यावर एक कडं असतं, ते फिरवलं की स्प्रिंग आवळली जाते. ते त्याने दात-ओठ खाऊन शेवटच्या आट्यापर्यंत आवळलं. सासरे बसले. या वेळी ठक् जरा उशिरा आलं, एवढाच फरक.

"उलटे लावलेस का रे?" बायको म्हणाली.

"उलटे लागतच नाहीत."

"तुझ्या हातून लागतील."

"हे बघ, कॅन घेऊन सात आले होते की नाही? तूच मोजलेस."

"मग कॅनलाच पाठव शर्यतीला."

दोन वाजले. सासरे एका पालथ्या बादलीवर बसून हे सगळं बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसते बघत होते आणि मधूनच घड्याळाकडे नजर टाकत होते. सबंध वर्ष हाड सांधण्यात घालवून माणूस या दिवसाची वाट बघत होता, आणि त्याचा दिवस जावयाच्या तेलकट बोटांतून निसटत चालला होता.

शेवटी बायकोने गल्लीपलीकडच्या गॅरेजमधून मिस्त्रीला आणलं. मिस्त्रीने तोंडातली काडी न काढता गाडी दाबली, बोल्ट चाचपले, स्प्रिंगवरची चिठ्ठी वाचली.

"बसवलेत बरोबर," तो म्हणाला.

जावयाला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"पण स्प्रिंग हलकी आहे. ही घेऊन उंचवट्यावरून उडी मारली तर गाडी खाली बसणार आणि माणूस पुढे जाणार. कुणाच्या वजनाला मागवली ही?"

"मिस्त्री," सासूबाई एकदम पुढे आल्या, "पाणी घेता ना? आत या. आणि जावईबापू, तुम्हीही जरा आत या."

मिस्त्रीला पाण्याचा तांब्या देऊन त्यांनी वाटेला लावलं. जावयाला मात्र शिलाई मशीनच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. मशीनवर सासऱ्यांची पँट होती, कंबरेतून उसवलेली.

"चूक तुमची नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझी आहे."

"तुम्ही कुठे शॉकला हात लावलात?"

"काट्याला लावला. वजनकाट्याच्या खाली चकती असते ना, शून्य जुळवायची? ती मी फिरवते. दर पंधरा दिवसांनी, किलोभर मागे."

जावयाने मशीनवरची पँट उचलून बघितली.

"अहो, काय करू? पहिले दोन महिने माणूस उकडलेल्या भाज्या खात होता आणि काटा हलेना. मग भांडीकुंडी आपटायला लागले. जेवायचंच सोडतो म्हणाले. मी एकदा काटा मागे केला. त्या दिवशी शीळ घालत आंघोळीला गेले. मग काय, घरात शांती. ते झोपले की पँटी सैल करते. कमरेला ढगळ लागते म्हणून खूश असतात."

"आणि रिकामा काटा? तो उणे वीस दाखवत असेल की."

"त्यावर टॉवेल घालून ठेवते. फरशी गार लागते म्हणते."

"म्हणजे खरं वजन..."

"अठ्ठ्याण्णव. एक ग्रॅम कमी नाही." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "त्यांना आज त्या गाडीवर बसू देऊ नका. मागच्या वेळी मी तो आवाज ऐकलाय. पण हे सांगू पण नका हो. वर्षभराचा आनंद आहे त्यांचा. तुम्ही म्हणा, तुमच्याकडून बिघडलं."

खोटं कधी एकट्याने संसार करत नाही. त्याला ओझी वाहायला माणसं लागतात, आणि घरात जावई असला की हमाल शोधावा लागत नाही. ज्याचं काम मिस्त्रीने नुकतंच 'बरोबर' म्हणून पास केलं होतं, त्या तपासनिसाला स्वतःच्या कामावर नापासचा शिक्का मारायचा होता. त्याने हाडाचा तो आवाज आठवला आणि बाहेर गेला.

"बाबा, ही गाडी आज पळणार नाही. मी वाट लावली."

"मिस्त्री तर बसवलेत बरोबर म्हणाला," बायको म्हणाली.

"बसवलेत बरोबर, पण मागवतानाच घोळ झाला. मी स्प्रिंगच चुकीची मागवली. मूर्खपणा झाला."

"चार बोल्ट," बायको म्हणाली, आणि घरात निघून गेली.

सासऱ्यांनी हातमोजे काढले. एक, मग दुसरा. शर्यतवाल्यांना फोन लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नाव काढा आमचं. जावयांनी शॉक लावले. नाही, माणूस धडधाकट आहे. गाडी झोपवलीय जावयांनी."

मग दोघांनी मिळून गाडी शेडमध्ये ढकलली. जावई मान खाली घालून. आत गेल्यावर सासऱ्यांनी मागे वळून बघितलं, कोणी नाही याची खात्री केली.

"अठ्ठ्याण्णव ना? सांगितलं तिने?"

जावयाच्या हातातून हँडल सुटलं.

"तीस वर्षं क्रेनवर काढली मी. आकड्याला लटकलेल्या मालाचं वजन नजरेने सांगायचो. माझं मला कळत नसेल? भंगारवाल्याच्या काट्यावर बघून येतो महिन्याच्या महिन्याला."

"मग तुम्ही..."

"मी काय? ती पहाटे उठून त्या काट्याशी खुडबुड करते. पँटी उसवते, शिवते. आकडा लिहिताना चेहरा बघितलाय तिचा? एवढ्या मेहनतीवर पाणी ओतू? माझा तर आनंदच तो."

"पण बाबा, फॉर्म भरताना तरी मला सांगायचं होतंत."

"विचारलंत कधी? तुम्ही कॅलेंडरला विचारलंत."

जावयाने सुटलेलं हँडल पुन्हा धरलं.

"सकाळपासून तीनदा खोललंत," सासरे जरा नरमाईने म्हणाले. "पहिल्याच ठक्‌ला कळलं होतं मला. पण तिच्यादेखत कसं बोलू? शर्यत काय, पुढच्या वर्षी पुन्हा आहे." आणि त्यांनी एकदा सीटवरून हात फिरवला, तो मात्र बराच वेळ फिरत राहिला.

नवा फॉर्म सासऱ्यांनी स्वतः भरला, हाताच्या आडोशाने. सासूबाईंनी जावयाला वेगळं गाठून कानात अठ्ठ्याण्णव सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं, आणि तो "हो आई, लिहिलंय" म्हणाला.

पंधरा दिवसांनी जड स्प्रिंगा आल्या. साऱ्या नातेवाइकांत 'शॉकवाला जावई' म्हणून एव्हाना ख्याती झाली होती. पण या घरात दोन माणसं अशी होती, ज्यांना त्याच्या हाताची सफाई पुरती ठाऊक होती. त्या भरवशावर तो बाह्या सरसावून शेडकडे निघाला.

दारातच सासूबाई भेटल्या. "तुम्ही कशाला हात काळे करता? मिस्त्रीला बोलावलंय मी."

त्याने आशेने आत बघितलं. सासरे जॅकपाशी उभे होते. त्यांनी नजर चुकवली आणि पान्यांची पेटी पायाने हळूच मिस्त्रीच्या बाजूला सरकवली.

"तुम्ही बसा, जावईबापू," ते म्हणाले. "बोल्ट हरवतात फार. वाटी घ्या आणि बोल्ट सांभाळा."

जावयाने वाटी घेतली. बोल्ट चारच होते.